स्मोक मशीनने गाडीतील हवेची गळती शोधणे: बडोद्यातील नव्या मेकॅनिकांसाठी मार्गदर्शक

पेट्रोल गाडीचे आयडलिंग वरखाली होणे, सिग्नलवर एसी चालू असताना इंजिन बंद पडणे, ब्रेकचे पेडल कडक लागणे किंवा मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा पुसूनही पुन्हा पेटणे, या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा हवेच्या गळतीत असते. सेन्सरने न मोजलेली हवा कुठल्यातरी फटीतून इंजिनात शिरते आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, पेट्रोलचा हिशोब बिघडतो. ही फट केसाएवढी असू शकते आणि ती पाईपच्या खालच्या बाजूला किंवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) मागे असेल, तर नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. स्मोक मशीन खनिज तेल तापवून दाट पांढरा धूर तयार करते, तो अगदी कमी दाबाने बंद केलेल्या पाईपांमध्ये सोडते आणि जिथे फट असेल तिथून तो बाहेर येतो.

तरसालीच्या किंवा गोरव्याच्या आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेले, गॅरेजमध्ये पहिल्यांदाच हे मशीन हाताळणारे तरुण आणि स्वतःच्या गाडीचे काम स्वतः करू पाहणारे वाचक, या दोघांसाठी हा लेख आहे. धूर हे तपासणीतले शेवटचे पाऊल आहे. आधीची तपासणी झाली नसेल, तर समोर दिसणारी गळती हीच ग्राहकाच्या तक्रारीचे कारण आहे की नाही, हे ठरवता येत नाही आणि गाडी आठवड्याभरात तीच तक्रार घेऊन परत येते.

१. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

मशीनवर दाब नियंत्रक आणि हवेचा प्रवाह दाखवणारी गोटीची काचनळी, म्हणजे फ्लोमीटर, या दोन गोष्टी असाव्यात. फ्लोमीटर नसलेले मशीन स्वस्त मिळते, पण ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढे पाचव्या पायरीत आहे. याखेरीज वेगवेगळ्या मापांचे रबरी बूच आणि शंकूच्या आकाराचे अडॅप्टर, होज क्लिप, प्रखर टॉर्च, लहान आरसा, लाईव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आणि साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली लागते. धुराच्या तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळलेला असेल, तर त्यासाठीची टॉर्च आणि पिवळा चष्माही ठेवावा. नाटकाच्या मंचावर वापरतात ते फॉगचे द्रव या कामासाठी चालत नाही. ते ग्लायकॉल आणि पाण्याचे असते आणि त्याचा चिकट थर पाईपांत व सेन्सरवर राहतो.

कागदांमध्ये जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. «रेस आपोआप चढते» आणि «रेस चढत नाही» या दोन तक्रारींची तपासणी वेगळ्या दिशेने जाते, आणि «पिकअपचा प्रॉब्लेम» एवढेच लिहिले असेल तर दोन्ही हरवतात. गाडी वॉरंटीत असल्यास वॉरंटीची पुस्तिका पाहावी, कारण पाईप कापणे किंवा मॅनिफोल्ड खोलणे ग्राहकाला महागात पडू शकते. त्या इंजिनाची व्हॅक्यूम पाईपांची आकृती मिळत असेल तर जवळ ठेवावी. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरच्या चाचणीचे प्रमाणपत्रही पाहून घ्यावे. ही चाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते. मुदत टळलेली गाडी हाती घेण्याआधी ग्राहकाला तसे सांगणे आपले काम आहे.

२. आधी स्कॅनर लावा

ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा, लिहून घ्या, पण पुसू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०५०७ म्हणजे आयडलिंग ठरल्यापेक्षा वर, पी०३०० म्हणजे इंजिन एका ठरावीक सिलिंडरमध्ये नव्हे तर इकडेतिकडे मिस मारते आहे. यांपैकी एकही कोड «गळती आहे» असे सांगत नाही. गळतीची शक्यता तेवढी दाखवतो.

खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमीजास्त देतो त्या आकड्यात, असते. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज करा आणि मग २५०० आरपीएमवर धरून पुन्हा बेरीज करा. निरोगी गाडीत ही बेरीज शून्याच्या आसपास, साधारण पाच टक्क्यांच्या आत राहते. आयडलिंगला ती अधिक १५ किंवा २० असेल आणि रेस वाढवल्यावर शून्याकडे उतरत असेल, तर थ्रॉटलच्या (हवा कमीजास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे व्हॅक्यूमची गळती असण्याची दाट शक्यता आहे. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा घेते, त्यामुळे चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. रेस वाढल्यावर तो वाटा नगण्य होतो. याउलट रेस वाढवल्यावर ट्रिम आणखी चढत असेल, तर स्मोक मशीन बाजूला ठेवा आणि पेट्रोलचा दाब, फिल्टर, पंप यांकडे वळा.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. अशा गाडीत फटीतून शिरलेली हवासुद्धा दाब वाढवते, ईसीयू त्या हवेलाही पेट्रोल देतो आणि ट्रिम फारशी हलत नाही. रेस मात्र चढलेली राहते. तेव्हा एमएपी असलेल्या गाडीत ट्रिम ठीक दिसते म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढू नये. त्याऐवजी एमएपीचा आकडा पाहावा. चावी चालू आणि इंजिन बंद असताना बडोद्यात तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, कारण आपले शहर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. गरम इंजिन आयडलिंगला असताना तो साधारण ३० ते ४० च्या दरम्यान उतरतो. तो ५० च्या पुढे अडकला असेल आणि एसी, दिवे वगैरेंचा भार नसेल, तर शोध घेण्यासारखे काही आहे.

३. मशीनचा दाब स्वतः मोजा

मशीनवरच्या घड्याळावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाईप मीटर-दीड मीटर घ्या, तो इंग्रजी यू अक्षरासारखा फळीवर बांधा आणि त्यात शाई मिसळलेले पाणी अर्ध्यापर्यंत भरा. एक तोंड मशीनच्या नळीला जोडा, दुसरे उघडे ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ३५ सेंटिमीटरचा फरक पडला, तर दाब अर्धा पीएसआय आहे. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (म्हणजे टर्बो नसलेल्या) पेट्रोल इंजिनाच्या इनटेकसाठी आणि पेट्रोलच्या टाकीच्या वाफेच्या पाईपांसाठी एवढा दाब पुरतो. पाणी उसळून बाहेर पडले, तर मशीनचा नियंत्रक बिघडलेला आहे आणि ते गाडीला जोडू नये.

ही काळजी फाजील नाही. कॉम्प्रेसरमध्ये हवा सहा-आठ बारने भरलेली असते. नियंत्रक फसला आणि ती हवा थेट इनटेकमध्ये शिरली, तर ब्रीदरच्या (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या पाईपच्या) वाटेने क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, फुगते आणि ऑइल सील बाहेर ढकलले जाते. म्हणजे हवेची गळती शोधताना तेलाची गळती तयार होते. डब्यात डिझेलचा ग्लो प्लग आणि बेबी ऑइल घालून घरी केलेली मशिने बरीच दिसतात. ती धूर उत्तम देतात, पण त्यांच्यावर दाबाचा लगाम नसतो. असे मशीन वापरायचेच असेल, तर हवा सायकलच्या पंपाने हळू द्यावी. पेट्रोलच्या टाकीजवळ तर ते कधीच नेऊ नये.

४. इंजिन थंड ठेवा आणि वाटा बंद करा

इंजिन बंद, चावी काढलेली आणि शक्यतो इंजिन थंड असावे. गाडी पंख्याच्या किंवा वाऱ्याच्या झोतात उभी करू नका. मकरपुऱ्याच्या शेडमध्ये दुपारी दोन्ही शटर उघडी असली, की धूर दिसण्याआधीच विरतो. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होणार नाही, याचीही खात्री करा.

एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारा मोठा पाईप एमएएफ सेन्सरच्या लगेच पुढे शंकूच्या अडॅप्टरने बंद करा. एमएएफच्या मागे, म्हणजे फिल्टरच्या बाजूला, बंद केला तर तेलकट धूर सेन्सरच्या नाजूक तारेवर बसतो; फार पुढे, म्हणजे थ्रॉटलजवळ बंद केला, तर मधला घड्यांचा रबरी पाईप तपासणीतून सुटतो आणि गळती नेमकी तिथेच सापडण्याची शक्यता मोठी असते. धूर सोडण्यासाठी याच अडॅप्टरमधली नळी किंवा ब्रीदरचा पाईप वापरता येतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप चावी बंद असताना थोडी उघडी राहते, तेवढ्यातून धूर दोन्ही बाजूंना पोहोचतो. फक्त वेळ जास्त लागतो. ही झडप चावी चालू असताना बोटाने ढकलू नका. केबलच्या थ्रॉटलमध्ये केबल थोडी ओढून धरावी.

५. आधी गोटी पाहा, मग धूर

फ्लोमीटर असलेले मशीन घ्या, असे म्हटले ते याचसाठी. धुराचा हीटर सुरू न करता फक्त हवा सोडा. पाईप भरत असताना काचनळीतली गोटी वर जाते आणि भरल्यावर खाली येऊ लागते. ती पार तळाला बसली तर त्या भागात गळती नाही. ती मध्येच तरंगत राहिली, तर हवा कुठेतरी निघून जात आहे आणि जितकी वर तितकी फट मोठी. इनटेकच्या बाबतीत ती पूर्ण तळाला क्वचितच बसते, कारण एखाद्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा थोड्या उघड्या असतात आणि पिस्टनच्या रिंगांपाशीही थोडी हवा जाते. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन-तीन निरोगी गाड्यांची गोटी कुठे थांबते, हे वहीत टिपून ठेवावे. पुढे त्या आकड्यांशी तुलना करता येते. गोटी सांगते गळती आहे की नाही, धूर सांगतो ती कुठे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न घेता दुसऱ्याकडे जाणाऱ्याला प्रत्येक धूर गुन्हेगार वाटतो.

आता हीटर सुरू करा आणि थांबा. धूर सर्वत्र पोहोचायला दोन-तीन मिनिटे, मोठ्या इंजिनात पाच मिनिटेही लागतात. याच वेळी नवखा माणूस कंटाळून दाब वाढवतो. तसे करू नका. दाब वाढवल्यावर धूर इतक्या जोराने येतो की सगळे इंजिन धुरकट होते आणि उगम दिसत नाही. गोटी खाली येऊन धूर संथ झाला, की टॉर्च समोरून न धरता आडवी धरा आणि मागे काळी पार्श्वभूमी येईल असे पाहा. तेव्हा बारीक फटीतून येणारा धुराचा धागा स्पष्ट दिसतो.

६. कुठे पाहायचे

ब्रीदरचा घड्यांचा प्लास्टिक पाईप सर्वांत आधी पाहा. उष्णतेने तो कडक होतो आणि घडीच्या खोबणीत, बहुधा खालच्या बाजूने, चीर पडते. पाईप सरळ असताना चिरेच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि धूर येत नाही; दोन बोटांनी पाईप हळूच वाकवला की चीर उघडते आणि धूर निघतो. इंजिन चालू असताना ते जेवढे हलते, तेवढे तरी पाईप हलवून पाहिलेच पाहिजेत. त्यानंतर मॅनिफोल्डच्या पॅकिंगची कड, इंजेक्टरच्या ओ-रिंग, एमएपी सेन्सरचे बूड, टाकीची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा पाईप आणि पेडलला व्हॅक्यूमचा जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरचा पाईप पाहा.

बूस्टरबाबत एक गोष्ट नेहमी निसटते. त्याच्या पाईपमध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधून सोडलेला धूर बूस्टरमध्ये जातच नाही. बूस्टरचा पडदा फाटलेला असला, तरी चाचणीत तो निर्दोष दिसतो. पेडल कडक असल्याची तक्रार असेल, तर धूर चेक व्हॉल्व्हच्या पुढे, थेट बूस्टरमध्ये सोडा आणि आत पेडलपाशी धूर येतो का ते पाहा.

पावसाळ्यात विश्वामित्रीकाठच्या सोसायट्यांतून येणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेले पाईप आवर्जून तपासावेत. दिवाळीच्या सुट्टीत पंधरवडाभर कव्हर घालून उभ्या राहिलेल्या गाड्यांचीही तीच गत असते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांत पाईप धड असतात, पण क्लिपा गंजून सैल झालेल्या आढळतात.

७. फसवा धूर ओळखा

सायलेन्सरमधून धूर आला, तर ती गळती नव्हे. उघड्या झडपांमधून तो तिकडे जाणारच. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर धूर येणेही स्वाभाविक आहे, कारण ब्रीदरच्या वाटेने क्रँककेस जोडलेली आहे. पण झाकण घट्ट लावलेले असताना त्याच्या कडेने किंवा डिपस्टिकच्या बुडातून धूर येत असेल, तर ती गळती खरी आहे आणि अनेक गाड्यांत आयडलिंग बिघडवायला ती एकटी पुरते. थ्रॉटलच्या दांड्यापाशी अगदी किंचित धूर बहुतेक जुन्या गाड्यांत दिसतो. त्यावरून थ्रॉटल बॉडी बदलण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारू नये. शंका असल्यास ती जागा तात्पुरती झाका आणि गोटी किती उतरली ते पाहा. गोटी हलली नाही, तर ती फट तक्रारीचे कारण नाही.

८. सीएनजी गाड्यांचे वेगळे प्रकरण

गुजरातमध्ये सीएनजीच्या गाड्या एवढ्या आहेत की हा भाग वगळून चालणार नाही. सुरुवातीलाच सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी पेट्रोलवर चालवून पाईपांत उरलेला गॅस संपू द्या. गॅसच्या उच्च दाबाच्या पाईपांना स्मोक मशीन कधीही लावायचे नाही. तिथे दाब २०० बारपर्यंत असतो आणि ते काम अधिकृत सीएनजी तंत्रज्ञाचे आहे.

आपला संबंध मॅनिफोल्डशी. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये मॅनिफोल्डला छिद्रे पाडून पितळी नोझल बसवलेले असतात, शिवाय गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेड्यूसरसाठी आणि किटच्या दाब सेन्सरसाठी व्हॅक्यूमच्या पाईपमध्ये प्लास्टिकचा टी-जॉइंट घातलेला असतो. नोझलच्या आट्यांभोवतीचे सीलंट सुकून सुटते आणि टी-जॉइंट उष्णतेने तडकतो. धूर या दोन जागी बारीक आणि सतत येतो, पण वरून गॅसचे पाईप असल्यामुळे आरशाशिवाय दिसत नाही. तपासणीआधी गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हींवर ट्रिम पाहावी. दोन्हींवर हवा जास्त दिसत असेल तर मॅनिफोल्डची गळती शोधा; फक्त गॅसवर दिसत असेल, तर गॅसचा फिल्टर, इंजेक्टर किंवा ट्यूनिंग यांचा विचार करा.

९. पेट्रोलच्या टाकीची बाजू

इथे कॉम्प्रेसरची हवा चालत नाही. पेट्रोलची वाफ, हवा आणि मशीनमधला तापलेला हीटर हे तिन्ही एकत्र आणणे म्हणजे आग ओढवून घेणे होय. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमार्फत द्यावा, दाब अर्धा पीएसआयच्या वर नेऊ नये. सिलिंडरचे लेबल प्रत्येक वेळी वाचावे. चुकून ऑक्सिजन जोडला गेला तर तापलेल्या तेलाशी त्याचा संबंध येऊन स्फोट होऊ शकतो.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना टाकीतल्या पेट्रोलची वाफ स्वतःच दाब निर्माण करते आणि गोटी खोटे सांगते. म्हणून ही चाचणी सकाळी लवकर, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना आणि टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली असताना करावी. अनेक साध्या रचनांमध्ये पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या चारकोल कॅनिस्टरचे एक तोंड कायम हवेला उघडे असते. ते बुचाने बंद केल्याशिवाय धूर तिथूनच निघून जातो. तोंडाला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो स्कॅनरने बंद करावा. गळती मिळते ती टाकीच्या झाकणाच्या रबरात किंवा मागच्या सीटखाली असलेल्या पंपाच्या ओ-रिंगमध्ये. पंप नुकताच बदललेला असून गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर सीट उचलून तिथूनच सुरुवात करा.

१०. टर्बो डिझेल आणि सायलेन्सर

पिकअप गेलेली, काळा धूर फेकणारी आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) कोड असलेली डिझेल गाडी आली, तर इंटरकूलरचे पाईप तपासावेत. पण इथे कमी दाबाचा धूर अपुरा पडतो. रबरी पाईपची चीर टर्बोचा एक बारच्या आसपासचा दाब आल्यावरच उघडते. त्यामुळे आधी सांध्यांपाशी ताज्या तेलाचा ओलसर थर शोधा. धुराइतकाच तो बोलका असतो. तिथे शंका वाटल्यास नियंत्रित दाबाची हवा आणि साबणाचे पाणी वापरा, आणि दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेतच ठेवा.

सायलेन्सरच्या बाजूने, थंड इंजिनावर, मागच्या टोकातून धूर सोडला की मॅनिफोल्डचे पॅकिंग आणि वेल्डिंगच्या चिरा दिसतात. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असलेली चीर बाहेरची हवा आत ओढते आणि सेन्सर हवा जास्त असल्याची खोटी बातमी देतो.

११. कुठे वापरू नये आणि काय टाळावे

कूलंटच्या गळतीसाठी रेडिएटरचा प्रेशर टेस्टर आहे, एसीसाठी नायट्रोजन किंवा चमकणारा रंग. केबिनमध्ये पावसाचे पाणी येत असेल तर आत तेलकट धूर भरून सीटचे कापड खराब करू नका. काचा बंद करून, बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत ब्लोअर पूर्ण वेगाने लावा आणि दारांच्या रबरांवर बाहेरून साबणाचे पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथून पाणी शिरते. चालू इंजिनाभोवती उदबत्ती फिरवण्याची किंवा कार्ब क्लीनर फवारण्याची जुनी पद्धत अजून दिसते. तापलेल्या एक्झॉस्टजवळ आणि पेट्रोलच्या पाईपांशेजारी ती करू नये.

१२. दुरुस्तीनंतर

सापडलेली फट बंद केल्यावर मशीन पुन्हा जोडा आणि गोटी आधीपेक्षा किती खाली बसते ते पाहा. जॉब कार्डावर दोन्ही आकडे लिहा. आता कोड पुसा, ट्रिम शून्यावर आणा आणि जिथे कंपनीची पद्धत तशी सांगते तिथे थ्रॉटलचे रीलर्निंग करा. ते न केल्यास रेस काही दिवस चढलेली राहते आणि ग्राहकाला दुरुस्तीच झाली नाही असे वाटते. शेवटी गाडी हायवेवर आणि गर्दीत, दोन्हीकडे चालवून आयडलिंगची ट्रिम पुन्हा वाचा. ती पाच टक्क्यांच्या आत आली नसेल, तर दुसरी फट शिल्लक आहे, असे समजून चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. मोठी गळती बंद झाल्यावर आधी लपलेली लहान गळती दुसऱ्या फेरीतच दिसते.